सरकारी हॉस्टेल घ्यावं की स्वाधार-आधारचे पैसे?

बारावी झाली, ॲडमिशन मुंबईत नायतर रत्नागिरीत लागली की घरात पहिला विषय, पोरगं राहणार कुठे. गावात सगळे सांगतात हॉस्टेल कशाला, सरकारी योजनेचे वर्षाला 60 हजार खात्यात येतायत ना. थांबा जरा.

ते पैसे मुळात ज्याला सरकारी हॉस्टेल मिळालं नाही त्याच्यासाठी आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना स्वाधार योजना, कुणबी-भंडारी असे ओबीसी, भटके-विमुक्त, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांना सावित्रीबाई फुले आधार योजना. उत्पन्न अडीच लाखाच्या आत लागतं. मार्कांत मात्र फरक आहे, स्वाधारला 50 टक्के चालतात, आधारला 60.

आता हिशोब बघा. मुंबईचे 60 हजार म्हणजे जेवणाचे 32, राहायचे 20 आणि वरखर्चाचे 8. राहायचे 20 हजार म्हणजे महिन्याला सतराशेसुद्धा नाहीत, तेवढ्यात मुंबईत कॉट तरी मिळते का सांगा. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार, त्यात राहायचे 12, पण तिथे तीन पोरं मिळून खोली घेतली की बऱ्यापैकी भागतं. म्हणून मला विचाराल तर रोख रक्कम रत्नागिरीत जास्त उपयोगी पडते, मुंबईत हॉस्टेलची सीट लागली तर डोळे झाकून घ्या.

दुसरं म्हणजे पैसे उशिरा येतात. माझ्या मावसभावाचा पहिला हप्ता आला तेव्हा वर्ष संपत आलेलं, तोवर खोलीचं भाडं मावशीने आंब्याच्या पैशातून भरलं आणि पावसाळ्यात घरात उधारीवर किराणा आला. हॉस्टेलात निदान दोन वेळचं ताट समोर येतं. रोख घेणार असाल तर सहा महिन्यांचं भाडं हातात ठेवूनच निघा.

आणि आपल्याकडचा खास घोळ, कॉलेज ज्या शहरात आहे तिथला रहिवासी असाल तर हे पैसे मिळत नाहीत. बाबा चाकरमानी, रेशनकार्ड मुंबईचं आणि पोरगं शिकलं गावी, अशी घरं आपल्याकडे किती आहेत! आईसोबत गावीच राहत असाल तर रहिवास दाखला, आधारकार्ड सगळ्यावर गावचाच पत्ता आहे ना ते ॲडमिशनच्या आधीच बघा. काकांकडे डोंबिवलीला राहणार असाल तरी भाडेकरार मागतात, तेव्हा काकांशी आत्ताच बोलून घ्या, फॉर्मची शेवटची तारीख आल्यावर नको.