‘अवॉर्ड’ म्हणजे प्रत्येक वेळी ‘पुरस्कार’ नव्हे : एका भाषांतर-ॲपचा अनुभव

भूसंपादनाची इंग्रजी कागदपत्रे वडिलांना मराठीत वाचता यावीत, म्हणून मी गेले दोन महिने मोबाइलवर एक भाषांतराचे ॲप वापरत आहे. साधा पत्रव्यवहार ते स्वच्छ मराठीत उतरवते. ‘अवॉर्ड’ या शब्दाचा मात्र त्याला ‘पुरस्कार’ हा एकच अर्थ ठाऊक आहे, आणि ही चूक किरकोळ नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार जिल्हाधिकारी मोबदला ठरवून जो ‘अवॉर्ड’ देतात, तो निवाडा असतो. तो मान्य नसल्यास, निवाड्याच्या वेळी हजर असलेल्या खातेदाराला त्या तारखेपासून ६ आठवड्यांत अर्ज करावा लागतो, त्यामुळे शब्दाचा अर्थच कळला नाही तर मुदत हातची जाऊ शकते. लवादाच्या कागदांतही ॲपने हाच घोळ केला. वास्तविक हा शब्द मराठीला नवा नाही : ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी १९३२ मध्ये जाहीर केलेल्या ‘कम्युनल अवॉर्ड’ला आपण ‘जातीय निवाडा’च म्हणतो, आणि कृष्णेच्या पाणीवाटपाबाबतचा बच्छावत लवादाचा ‘अवॉर्ड’ही निवाडाच होता. क्रीडास्पर्धांच्या बातम्यांसाठी हे ॲप खुशाल वापरावे. सातबाऱ्याशी संबंधित कागद मी आता तालुक्याच्या वकिलांकडूनच वाचून घेतो. पाचपैकी दोन तारे.