सोलर कुकर आठ महिने वापरल्यावर: गॅस थोडा वाचला, घुगऱ्या मात्र घरात परत आल्या

कोजागिरीच्या आठवड्यात माझी भिशीची पाळी लागली आणि मी पेटीचा सोलर कुकर घेतला. कुकर ३,९०० रुपयांना पडला, घरापर्यंत आणायला ऑटोचे १०० वेगळे. आता मृगाचा पाऊस लागलाय, पेटी गच्चीवरून खाली आलीय, म्हणून बसून लिहितेय. घ्यायच्या आधी मला कुणाचा तरी असा अनुभव वाचायला हवा होता. जिथं बघावं तिथं दुकानाची जाहिरात तेवढी सापडायची.

लातूरला भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहतो. हे डाळमिलमध्ये कामाला आहेत, मी घरी शिलाई करते, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दोन लेकरं. गच्ची घरमालकीणबाईंची. त्यांनी एक कोपरा वापरू दिला, हे या सगळ्यात सर्वांत मोठं भाग्य. ज्यांना गच्ची किंवा अंगण नाही, सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत जिथं सावली पडत नाही अशी जागा नाही, त्यांनी पुढचं वाचलं तरी हा कुकर घेऊ नये.

पेटी साधीच असते. आत काळा पत्रा, भोवती काचलोकर भरलेल्या भिंती, वर दुहेरी काच आणि झाकणाला आतून आरसा. झाकणाचे चार काळे डबे सोबत मिळतात. काळा रंग ऊन पिऊन तापतो, काच ऊन आत घेते पण आतली उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. एवढ्यावर सगळं चालतं. आत्यांना पहिले आठ दिवस हे पटलंच नाही. "उन्हात शिजतंय व्हय गं अन्न? लेकरांच्या पोटात दुखंल," म्हणायच्या. पहिल्या दिवशी मी फक्त भात लावला. दीड तासानं डबा उघडला तर शीत न् शीत मोकळं, खाली काही लागलेलं नाही. त्यांनी बोटांनी शीत दाबून बघितलं आणि काही न बोलता ताट घेतलं.

दुकानदारानं सांगितलं होतं, "ताई, आता टाकी सहा महिने पुरतीय बघा." तसं काहीही होत नाही. माझ्या वहीत टाकी कधी लावली आणि कधी संपली याच्या तारखा आहेत. आधी १४.२ किलोची टाकी आम्हाला ३२-३३ दिवस जायची. कुकर आल्यापासून ती ४३ ते ४५ दिवस जाते. आठ महिन्यांत जवळपास दोन टाक्या वाचल्या, म्हणजे सोळाशे-सतराशे रुपये. कुकरचे चार हजार फिटायला ऑक्टोबर ते मे असे आणखी जवळपास दीड हंगाम लागतील.

याचं कारण भाकरी. आमच्याकडं दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी लागते. भाकरी तव्यावर आणि जाळावर होते, या पेटीत नाही. फोडणी नाही, चहा नाही, पिठलं नाही. टाकीतला मोठा हिस्सा भाकरी, चहा आणि आंघोळीच्या पाण्यालाच जातो. ज्यांच्या घरी भात-वरणच जास्त लागतं त्यांचा गॅस आमच्यापेक्षा नक्की जास्त वाचेल.

तरीही मला हा कुकर चांगला वाटतो, तो का? ते सांगायला थोडं माहेरी जावं लागेल.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. घराला माळवद, मागं चूल. रानातल्या तुराट्या, पऱ्हाट्या घरच्याच, त्यामुळं जळणाला पैसा लागायचा नाही. जेवणं झाली की आई चुलीतल्या उरलेल्या निखाऱ्यांवर हुलग्याचं (म्हणजे कुळथाचं) नाहीतर हरभऱ्याचं भगुणं ठेवून द्यायची, ते रात्रभर आपोआप शिजायचं. सकाळी घुगऱ्या, कधी ज्वारीच्या कण्या आणि ताक, कधी माडगं. गरिबीतच वाढलो, पण पोटात डाळीदाण्याचं अन्न रोज जायचं. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, पुढं आईलाही गॅस मिळाला. चहाला आणि पावसाळ्यात ती तो वापरते, पण हुलगे अजून चुलीवरच.

लग्न होऊन शहरात आले आणि हे सगळं सुटलं. मी हुलगे विसरले नव्हते. दुकानात हुलगे, मटकी, अख्खे मूग स्वस्तात मिळायचे, पण हात पुढं जायचा नाही. हुलगे शिजवायचे म्हणजे कुकरच्या आठ-दहा शिट्ट्या आणि वर अर्धा तास मंद आच. तेवढ्यात दोन दिवसांचं वरण होतं. म्हणून मी तूरडाळच आणायची. ती महाग, पण लवकर शिजते. महिनाअखेरीला डाळ पातळ व्हायची, मग नुसतं बेसन. जे धान्य सगळ्यांत स्वस्त त्यालाच जाळ जास्त लागतो, आणि जाळ विकत घ्यायचा असला की ते स्वस्त राहतच नाही. हा हिशेब मी इतकी वर्षं डोक्यात करत होते, पण कधी वहीत मांडून बघितला नव्हता.

उन्हाला पैसे पडत नाहीत. रात्री भिजवलेले हुलगे सकाळी साडेदहाला पेटीत ठेवले की दीड-दोनपर्यंत मऊ होतात. मी तोवर मशीनवर. शिट्टीकडं कान नाही, आच कमी-जास्त करायला उठणं नाही, उतू जायची भीती नाही. आठवड्यातून चार दिवस आमच्याकडं आता कडधान्य असतं. मटकीला दीड तास, अख्ख्या मुगाला त्याहून थोडं कमी, हरभऱ्याला तीन-साडेतीन तास. तूरडाळ तासभर भिजवली तर दोन तासांत शिजते, पण प्रेशर कुकरसारखी आपोआप घोटली जात नाही, रवीनं घोटावी लागते. ज्वारीच्या कण्या दोन तासांत इतक्या छान होतात की आत्यांनी पहिल्यांदा खाल्ल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या आईच्या हाताची चव आली म्हणाल्या.

शेंगदाणे भाजायला या पेटीसारखं दुसरं साधन नाही. डब्याचं झाकण काढून पसरून ठेवायचे, मधे एकदा हलवायचे. दीड तासात सगळीकडून एकसारखे भाजतात, एक दाणा काळा पडत नाही. आमच्या घरात दाण्याची चटणी रोज लागते, त्यामुळं हा फायदा मोठा. रताळी आणि बटाटे पाण्याशिवाय नुसते धुऊन ठेवले तरी भाजल्यासारखे होतात, गोडी आतच राहते.

डिसेंबरात येळवस आली, म्हणजे वेळ अमावास्या, रानात जाऊन जेवायचा आमच्याकडचा सण. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको, येळवशीची भज्जी म्हणजे ओली तूर, हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, मिळतील त्या भाज्या, सगळं एकत्र. सोबत आंबील आणि उंडे. दरवर्षी आदल्या दिवशीच्या तयारीतच गॅस अर्धा संपतो की काय असं वाटायचं. या वेळी दाणे आणि शेंगा आदल्या दुपारी गच्चीवर शिजवल्या, लगेच गॅसवर एक उकळी देऊन ठेवल्या. रानात गेल्यावर भावजयीनं विचारलं, एवढं सगळं कधी केलंस? मी नुसतं वर बोट दाखवलं.

आता पाण्याचं. हे मला तीन महिने कळलंच नाही. सुरुवातीला हरभरा कधी मऊ व्हायचा, कधी चार तास ठेवूनही कचकच करायचा. मला वाटायचं ऊन कमी पडतंय. मग लक्षात आलं, बोअरच्या पाण्यानं शिजवलं त्या दिवशी दाणा कडक. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर बसतो. जड पाण्यातल्या चुन्यानं कडधान्याची साल घट्ट राहते. प्रेशर कुकरात दाबामुळं तेवढं जाणवत नाही, इथं मात्र लगेच कळतं. नळाचं मांजरा धरणाचं पाणी आलं की आता दोन घागरी शिजवण्यासाठी बाजूला ठेवते, भिजवायलाही तेच. सोडा घातला तर दाणा मऊ होतो खरा, पण कडधान्यातलं ब जीवनसत्त्व त्यानं जातं, म्हणून मी घालत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आम्ही इथंच होतो. तेव्हापासून कुठलं पाणी कशाला, हे आमच्या घरात ठरलेलं असतं. त्यात या दोन घागरी वाढल्या.

भाताला पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घालावं, वाफ बाहेर जात नाही. भाजीला तर पाणी घालूच नये. पेटी सारखी उघडू नये. एकदा उघडली की गेलेली उष्णता परत यायला वेळ लागतो. सगळ्यांत जास्त वेळ लागणारा डबा मागं, आरशाच्या बाजूला ठेवते.

आरशाचा कोन मला महिनाभर जमत नव्हता. मग मी पेटीसोबत आलेला माहितीचा कागद बाजूला ठेवला आणि डब्यांकडं बघायला लागले. आरशातून पडणारा उजेडाचा पट्टा सगळ्या डब्यांवर पसरला पाहिजे, पुढं जमिनीवर नको. थंडीत ऊन तिरपं येतं, तेव्हा आरसा जवळपास सरळ उभा ठेवावा लागतो. मे महिन्यात सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा आरसा बराच मागं कलवावा. दर अर्ध्या तासाला पेटी फिरवायची गरज नाही. ऊन तासाभरानं जिथं येणार त्या बाजूला तोंड करून ठेवली की मधे एकदा फिरवणं पुरतं. आरशाची तिरीप डोळ्यांवर घेऊ नका, लेकरांना त्या बाजूला उभं करू नका. डबे कापडाशिवाय धरले तर हात भाजतो, हे माझ्या थोरल्यानं एकदा अनुभवलं.

नुकसान दोन झाली. नोव्हेंबरात एका दिवशी अकराला आभाळ आलं. डाळ अर्धवट शिजलेली. आता ऊन पडेल, मग पडेल म्हणून मी ती चारपर्यंत पेटीतच ठेवली. संध्याकाळी वास आला, सगळी डाळ टाकावी लागली. पाच माणसांची डाळ टाकताना जीव तुटला. कोमट पेटीत अन्न फार लवकर आंबतं. आभाळ भरलं की वाट न बघता डबा खाली आणून गॅसवर पूर्ण करायचा, आणि शिजलेलं अन्नही ऊन उतरल्यावर आत ठेवायचं नाही.

दुसरं एप्रिलमधलं. वावटळीनं काचेवर धुराळा बसला होता. मी भर दुपारी तापलेल्या काचेवर ओलं फडकं फिरवलं आणि वरची काच तडकली. साधी काच होती. काचवाल्याकडून नवीन बसवायला २५० रुपये गेले आणि चार दिवस पेटी बंद. घेताना काच टफन्ड आहे का ते विचारा, मला कुणी सांगितलं नव्हतं. काच सकाळी थंड असतानाच पुसा. धुरळ्याच्या दिवसांत रोज पुसावीच लागते, नाहीतर अर्धा तास जास्त लागतो.

डब्यांचा रंग पाचव्या महिन्यात उडायला लागला. दुकानात गेले तर ते म्हणाले, रंगाची गॅरंटी नसते. एवढ्या पैशात रंग एक वर्षही टिकू नये याचा मला खरंच राग आला. शेवटी शाळेच्या फळ्याला लावतात तो बिनचमकीचा काळा रंग आणून डब्यांना बाहेरून लावला, दोन दिवस रिकामे उन्हात तापवले. वास गेला, आता ठीक आहेत. काचेखालची रबरपट्टीही एका कोपऱ्यात सुटलीय, तिथून वाफ जाते. पेटी जड आहे, एकटीनं जिन्यातून वर-खाली नेणं होत नाही. वानरं आली की वर जाऊन हुसकावं लागतं. अजून त्यांनी झाकण उघडलं नाही, पण आरशात स्वतःला बघून थापा मारतात.

नोकरीला जाणाऱ्या बाईला हे जमेल का? सकाळी आठला पेटी दक्षिणेकडं तोंड करून लावून गेली आणि घरी दुपारी दोनला कुणी डबे काढायला असेल, तर थंडीत आणि उन्हाळ्यात जमेल. घरी कुणीच नसेल तर मी घ्या म्हणणार नाही. आमच्याकडं आत्या असतात म्हणून माझं निभतं. आणि जून ते सप्टेंबर धरूच नका, मधे चार दिवस उघडीप मिळाली तर मिळाली.

ऑक्टोबरच्या आधी रबरपट्टी बदलायची आहे. भिशीतून या वर्षी पैसे नाही काढणार, वाचलेल्या टाक्यांचे पैसे मी वेगळ्या डब्यात ठेवलेत, त्यातूनच होईल.

परवा दोन दिवस पाऊस उघडला होता. संध्याकाळी आत्या हुलग्याचा डबा हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. "उद्या ऊन पडंल असं वाटतंय बघ. भिजू घालू का?" मी बाहेर येऊन पश्चिमेकडं बघितलं, आभाळ काळं होतं. नको म्हटलं. त्यांनी डबा परत फळीवर ठेवला, पण पुढंच ठेवला, हाताशी येईल असा.