परसात काय लावावं: सुरण की अळू?

दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींचे कंद खाल्ले जातात. पण निवड करताना आवडीआधी परसातलं पाणी बघावं. ते कुठे मुरतं आणि कुठे साचतं, यावर निम्मा निर्णय होऊन जातो.

अळूला ओल हवी. सांडपाण्याच्या वाटेवर, जराशा सावलीत ते सुखानं वाढतं. तशाच जागी सुरणाचा गड्डा कुजतो. त्याला भुसभुशीत, निचऱ्याची जमीन आणि सढळ शेणखत लागतं.

दुसरा प्रश्न सबुरीचा. अळूची पानं लागवडीनंतर दोनेक महिन्यांत खुडता येतात आणि खुडत राहावं तशी नवी येतात. सुरणाचं मात्र एका डोळ्यातून बहुधा एकच पान निघतं. जाड, ठिपकेदार दांड्यावर छत्रीसारखं पसरलेलं ते पान म्हणजेच बहुतेकांना झाड वाटतं. ते पिवळं पडून लोळेपर्यंत, म्हणजे सात ते नऊ महिने, खणायचं नाही. बेण्याला कोंबाचा भाग असलेली अर्धा ते एक किलोची फोड घ्यावी आणि दोन रोपांत साधारण तीन फूट अंतर ठेवावं. गड्ड्याला चिकटलेली छोटी पिल्लं लावली, तर मोठा कंद मिळायला तीन-चार वर्षं जातात. घाई असलेल्यानं त्या वाटेला जाऊच नये.

जुना कंद जमिनीतच राहिला, तर कधी पानाआधी फूल येतं. त्याला सडक्या मांसाचा वास येतो. खिडकीखाली सुरण लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं!

अळूचा उपद्रव वेगळा: ते पसरतं. दमट पावसाळी हवेत करप्यानं पानंही जातात.

खाजेचं कारण दोन्हींत एकच, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. कच्चं काहीच खाऊ नये. सुरणात ‘गजेंद्र’ हे वाण कमी खाजरं, म्हणून नवख्यानं तेच शोधावं. अळूच्या बाबतीत शोभेच्या कुंडीतलं तसंच दिसणारं झाड खायला लावू नये.

माझा कौल? रोज बागेत फिरकणाऱ्यानं अळू लावावं. कोरडी जागा असेल आणि लावून विसरून जायची सवय असेल, तर सुरण. काढलेला गड्डा हवेशीर, कोरड्या जागी काही आठवडे टिकतो. खुडलेलं अळू दुसऱ्या दिवशीच मान टाकतं.