मेळावा भरवायचा की खिडकी उघडायची?

गणपती उठले की कुठल्या ना कुठल्या मंडळाचा फोन येतोच. "काका, यंदा वर्गणी शिल्लक आहे. वस्तीतल्या पोरांसाठी रोजगार मेळावा घ्यायचा म्हणतोय. तुम्ही केलंय ना, सांगा कसं करायचं."

मी दोन्ही केलंय. पुण्याजवळच्या भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या कचेरीत, नोकरी झाली. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या एका संस्थेत पोरापोरींना काम लावून द्यायचं अंगावर घेतलं. सुरुवातीला दोन मेळावे घेतले. मग मेळावा बंद केला आणि संस्थेच्या कार्यालयातच एक खिडकी सुरू केली. खिडकी म्हणजे एक वही, एक फोन आणि ठरलेली वेळ, एवढंच. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून एकदा लिहून काढतोय. राज्य सरकारच्या महास्वयं या रोजगार पोर्टलवर नोंदणी कशी करायची, बायोडाटात काय लिहायचं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आधी मेळाव्याबद्दल चांगलं सांगतो, कारण सांगण्यासारखं बरंच आहे. मेळाव्यामुळे लोक घराबाहेर पडतात. आमच्या पहिल्या मेळाव्याला एक बाई मुलीला हाताला धरून घेऊन आल्या होत्या. मुलगी बारावी झालेली, दोन वर्षं घरी. त्या दिवशी तिने तीन टेबलांवर मुलाखत दिली आणि तिसऱ्या टेबलावरून उठताना तिचा आवाज बदललेला होता. एकट्याने कंपनीच्या गेटवर जाऊन वॉचमनला विचारायची ज्यांना भीती वाटते, त्यांच्यासाठी मांडवातली गर्दी हा मोठा आधार असतो. शिवाय मदत मिळते. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या सरकारी जिल्हा कौशल्य विकास केंद्राकडे वेळेत गेलात तर त्यांच्याकडे नोंदवलेल्या कंपन्यांना कळवता येतं. ते स्वतःही पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे घेतात, त्यामुळे टेबलं कशी लावायची इथपासून त्यांना सगळं ठाऊक असतं.

आणि एकाच प्रकारची माणसं मोठ्या संख्येने हवी असतील तर मेळाव्याला तोड नाही. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या मोठ्या कंपन्यांना आयटीआय झालेली मुलं अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार, म्हणून घ्यावीच लागतात. 1961 चा अप्रेंटिस कायदा आहे, आणि 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ते बंधनकारक आहे. औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडलेली फिटर, टर्नर, वेल्डरची तुकडी आणि अशा चार कंपन्या एका छताखाली आणल्या की एका दिवसात काम होतं. तिथे खिडकी फार संथ पडेल, हे मान्य करतो.

मग मी मेळावा का सोडला? एका शब्दामुळे. तो शब्द म्हणजे "कळवतो".

दुसरा मेळावा झाल्यावर चौथ्या शनिवारी एक मुलगा कार्यालयात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये सहा बायोडाटा उरलेले. दारातच उभा राहिला. "काका, त्या कंपनीचा काही निरोप?" मी म्हटलं, बस. बोलता बोलता कळलं की मेळाव्यानंतर आठवड्याभरात त्याला दुसरीकडे हेल्परचं काम मिळत होतं, घरापासून सायकलवर जाण्यासारखं. ते त्याने नाकारलं. का, तर मेळाव्यात एका टेबलावरच्या साहेबांनी त्याची मार्कशीट पाहून मान डोलावली होती आणि "आठ दिवसांत कळवतो" म्हटलं होतं. तो महिनाभर फोन उशाशी घेऊन झोपत होता. मी त्याच्यासमोरच त्या कंपनीला फोन लावला. ती जागा मेळाव्याच्या आधीच भरली होती. आमच्याकडे त्यांनी पुढे लागतील म्हणून बायोडाटा गोळा करून ठेवले होते.

त्या साहेबांना दोष देत नाही. दिवसभरात दीडशे पोरं समोर बसून गेल्यावर प्रत्येकाला तोंडावर नाही म्हणणं कुणालाही जड जातं. पण तो मुलगा आमच्या मांडवात आला होता. त्याला बोलावणारे आम्ही होतो. त्याच्या हातचं काम गेलं त्याचे वाटेकरी आम्हीही होतो. मी संध्याकाळी मेळाव्याची यादी काढून बसलो आणि पुढचे पंधरा दिवस एकेका कंपनीला फोन करत राहिलो की बाबांनो, होय की नाही तेवढं सांगा. बऱ्याच ठिकाणी मेळाव्याला आलेली व्यक्ती कोण होती हेच कुणाला आठवेना.

टाइम ऑफिसात असताना मी दर तिमाहीला ईआर-1 चा तक्ता भरायचो. 1959 सालच्या सेवायोजन कार्यालयांच्या कायद्याने 25 किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळवणं सक्तीचं केलं होतं, त्यातला तो भाग. जागा कळवायची सक्ती होती, पण त्याच यादीतून भरायची सक्ती नव्हती. आणि आलेल्या माणसाला उत्तर द्यायचं, हे तर कुठल्याच रकान्यात नव्हतं. इतकी वर्षं तो तक्ता भरताना हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. त्या मुलाची फाइल पाहिल्यावर आलं.

म्हणून खिडकी सुरू करताना वहीत पहिला रकाना आखला तो शेवटचा. लाल पेनने. त्याचं नाव "उत्तर". बाकीचे साधे आहेत: नाव, शिक्षण, घर कुठे, कुठली पाळी चालेल, कुठे पाठवलं, कधी. पाठवल्यावर तीन दिवसांत उत्तराचा रकाना भरला पाहिजे. कंपनीने नाही कळवलं तर आपण विचारायचं. नाही म्हणाले तर का नाही, तेही विचारायचं. आणि ते त्या मुलाला त्याच दिवशी सांगायचं, कडू असलं तरी.

यातून एक गोष्ट हाती लागली जी मला मेळाव्यात कधीच मिळाली नव्हती. एका मुलाला व्हीएमसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या, हेल्परसाठी पाठवलं, परत आला. मालकांना विचारलं तर म्हणाले, "मुलगा चांगला आहे हो, पण पिन मोजायला दिली तर व्हर्नियर वाचता येईना." व्हर्नियर म्हणजे बारीक मापं मोजायची सरकपट्टी. मी घरून जुना व्हर्नियर आणला. कार्यालयाच्या टेबलावर दोन बोल्ट आणि एक बुश ठेवला. मुलगा चार संध्याकाळी येऊन मोजत बसला. मुख्य पट्टीवर, सरकत्या पट्टीच्या शून्याच्या आधीची रेघ धरायची, मग सरकत्या पट्टीवरची कुठली रेघ बरोबर जुळते ती पाहायची, तिला 0.02 ने गुणून मिळवायचं. पाचव्या दिवशी त्याच मालकांकडे पुन्हा पाठवला आणि त्यांनी ठेवून घेतला. तो व्हर्नियर अजून खणात आहे, पोरं मागून घेतात. "कळवतो" म्हणून सोडून दिलं असतं तर त्या मुलाला आपलं कुठे अडलं हे कधी कळलंच नसतं.

मालकांची बाजूही पाहा. भोसरीतल्या गाळ्यांमध्ये आठ-दहा माणसांची युनिटं आहेत. त्यांना वर्षातून एकदा शंभर माणसं नको असतात. त्यांना उद्या सकाळी एक ऑपरेटर हवा असतो, कारण कालचा गावी गेला. मशीन बंद ठेवून दिवसभर मेळाव्याच्या टेबलावर बसणं त्यांना परवडत नाही, त्यामुळे ते मेळाव्याला येतच नाहीत. पण नोकऱ्या तर त्यांच्याकडेही आहेत. अशा मालकांना मी गुरुवारी सकाळी फोन करतो. इथल्या बऱ्याच युनिटना गुरुवारची सुट्टी असते, मालक निवांत असतात, बोलतात. शनिवारी दुपारी केलात तर डिस्पॅचच्या गडबडीत "नंतर करा" एवढंच ऐकाल.

अंतराचंही तसंच. मेळाव्यात टेबलावर कंपनीचं नाव असतं, पोरं नाव बघून रांगेत लागतात. कात्रजच्या मुलाला चाकणची जागा मिळाली की सगळे टाळ्या वाजवतात. मग स्वारगेटहून मेट्रो, नाशिक फाट्याला उतरून पुढे हायवेने बस, आणि दुसरी पाळी मध्यरात्री सुटली तर परत कसं यायचं हा प्रश्न तिसऱ्या दिवशी उभा राहतो. कंपनीची बस कुठून निघते हे आधी विचारलं असतं तर कळलं असतं. खिडकीवर मी शिक्षणाच्या आधी घर विचारतो.

पगाराबद्दल बोलायलाही खिडकीच बरी पडते. टेबलावर आकडा सांगतात तो वरचा. पोरगा घरी तोच सांगतो आणि पहिल्या पगाराला तोंड पडतं. मी कागदावर मांडून दाखवतो: मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर पीएफचे 12 टक्के, एकूण 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 0.75 टक्के, व्यवसाय कराचे 200. मुलगी असेल तर 25,000 पर्यंत व्यवसाय कर लागत नाही, हे बऱ्याच लहान कंपन्यांच्या हिशेबनीसांनाही आठवण करून द्यावं लागतं. तसंच नोकरी, अप्रेंटिस आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 2024 साली ही योजना आली तेव्हा बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000 आणि पदवीला 10,000 महिना विद्यावेतन ठरलं. ते प्रशिक्षण आहे, मुदत संपली की संपतं. गर्दीत हा फरक पुसला जातो आणि आईवडील पेढे वाटून बसतात.

आता खिडकीची अडचण लपवत नाही. मेळाव्याला पन्नास कार्यकर्ते एक दिवस राबतात, आनंदाने राबतात. खिडकीला एकच माणूस लागतो, पण तो वर्षभर लागतो. पहिले दोन महिने आमच्याकडे दिवसाला एखादा माणूस यायचा, कधी तोही नाही. देणगीदाराला दाखवायला काही नसतं. मी आजारी पडलो तेव्हा दहा दिवस खिडकी बंद राहिली आणि परत आलो तर उत्तराचा रकाना कोरा होता. तेव्हापासून एका ताईंना बरोबर घेतलंय. सोमवार-बुधवार संध्याकाळी सहा ते आठ त्या बसतात, गुरुवारचे फोन माझे. तुमच्याकडे असे दोघं जण नसतील, तर मी आग्रह करणार नाही. मेळावा घ्या आणि नीट घ्या.

नीट म्हणजे काय, तर प्रत्येक टेबलाकडून आधी लेखी घ्या की आज जागा किती आहेत आणि उत्तर कोण देणार, त्याचा फोन नंबर. ज्यांच्याकडे आज जागा नाही त्यांना प्रेमाने सांगा की पुढच्या वेळी या. आधारच्या झेरॉक्स गोळा करू देऊ नका. आमच्या मेळाव्यानंतर खुर्च्या उचलताना खाली पडलेल्या आधारच्या प्रती मी स्वतः वेचल्यात, लोकांचे पत्ते आणि नंबर पायदळी आलेले. आणि मेळाव्यानंतरच्या महिन्यात फोन करायला माणूस नेमा. तो नेमलात तर, खरं सांगायचं, तुम्ही खिडकी सुरूच केलीय.

कुठलंही घ्या, उमेदवाराकडून पैसा घ्यायचा नाही. नोंदणीचे, फॉर्मचे, चहाचेसुद्धा नाहीत. नोकरीसाठी पैसे मागणारे बाहेर पुष्कळ आहेत, आपल्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा तिथून पोळून आलेला असतो.

मी सरकारी पोर्टलच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाची महास्वयं पोर्टलवर नोंद आम्ही करून देतोच. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टलही 2015 पासून आहे. नोंद असलेली बरी, पुढे कुठली योजना आली तर ती उपयोगी पडते. पण पोर्टल अर्ज पोचवतं. त्या अर्जाचं काय झालं हे विचारायला संध्याकाळी कुणीतरी फोन हातात घ्यावा लागतो.

तेव्हा यंदाच्या शिल्लक वर्गणीचं विचारत असाल, तर माझं मन खिडकीकडे आहे. मांडवाच्या भाड्यात एक टेबल, एक साधा फोन आणि वर्षभराचा रिचार्ज सहज निघतो. सुरुवात दिवाळीनंतर करा. गावी गेलेली माणसं वेळेवर परतत नाहीत, गाळ्यांमध्ये हातांची टंचाई असते, मालक स्वतःहून फोन करतात. पहिल्या महिन्यात दहा युनिटं जोडली तरी खूप झाली. वही कशी आखायची ते पाहायचं असेल तर सोमवारी किंवा बुधवारी सहानंतर या, ताई दाखवतील. मला गाठायचं तर गुरुवारी दुपारनंतर. सकाळी मी फोनवर असतो.