लिंबू पिळून दाखवलेली पावडर

मागच्या आठवड्यात सिन्नरला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "अक्का, वासरांसाठी दुधाची पावडर घेऊ का? माणूस दारातच उभा आहे. त्याने लिंबू पिळून पनीर करून दाखवलं." लिंबाचं नाव ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. 2023 च्या एप्रिलमध्ये संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात असंच लिंबू पिळलं गेलं होतं, आणि त्या पावडरीपायी माझ्या दोन कालवडी गेल्या. बहिणीला सांगितलं ते इतरांनाही कळावं म्हणून सगळं लिहिते आहे.

त्या उन्हाळ्यात गायीच्या दुधाला आमच्या संकलन केंद्रावर लिटरला 34 रुपये मिळत होते. गोठ्यात एचएफ क्रॉसच्या, म्हणजे होल्स्टीन संकरित जातीच्या, सात लहान कालवडी होत्या, सगळ्या महिन्याच्या आतल्या. प्रत्येकीला रोजचं चार लिटर, म्हणजे 28 लिटर दूध वासरांच्याच पोटात जायचं. साडेनऊशे रुपये रोज! घरात यावरून बोलणी व्हायची. नेमका तेव्हाच तो विक्रेता आला. पावडर 140 रुपये किलो, लिटरभर कोमट पाण्यात सव्वाशे ग्रॅम. ह्यांनी तिथेच हिशेब केला, रोजचे साडेचारशेच्या वर वाचत होते. महिन्याचे जवळजवळ 14 हजार. सोसायटीचा हप्ता निघण्याएवढी रक्कम होती ती.

मी विचारलं, "यात आहे काय?" तो म्हणाला, "शंभर टक्के दुधाचं प्रोटीन आहे ताई. बघा." त्याने गरम पाण्यात पावडर कालवली, लिंबू पिळलं आणि पेल्यात पांढरे गोळे झाले. "दूध असल्याशिवाय फाटेल का?" चाळीस वर्षं दुधात हात घालणाऱ्या माझ्या सासूबाईंनीही मान डोलावली. पिशवीवर प्रोटीन 22 टक्के छापलेलं होतं. वासही छान होता, व्हॅनिला आइस्क्रीमसारखा. 20 किलोच्या दहा गोण्या उतरवल्या, 28 हजार रोख दिले. बिल मागितलं तर "बिलावर घेतलं तर महाग पडेल" असं म्हणाला, आणि आम्ही गप्प बसलो.

चौथ्या दिवशी हगवण सुरू झाली. करड्या रंगाची, पाण्यासारखी, घाण वासाची. त्याला फोन केला. म्हणाला, पावडर बदलली की दोन दिवस पोट बिघडतंच. दोन दिवसांनी म्हणाला, जंत असतील. मग म्हणाला, तुमचं पाणी जास्त गरम होत असेल. मी थर्मामीटर आणला, 40 अंशांना पाजू लागले, जंताचं औषध दिलं, बादल्या उकळत्या पाण्याने धुतल्या. कालवडींचे केस उभे राहिले, डोळे आत गेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. बादलीच्या तळाशी दर वेळी पिवळसर गाळ उरायचा. तो गाळ मी रोज पाहत होते, तरी पाजणं थांबवलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

सर्वांत लहान कालवड, सहा दिवसांची असताना पावडरीवर घातलेली, बाराव्या दिवशी पहाटे गेली. तिच्या पाठोपाठ दुसरी. मग डॉक्टरांनी रिकामी गोणी मागवली. त्यांनी प्रोटीनचा आकडा पाहिलाच नाही. गोणी उलटी करून मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हे वाचलंत?" क्रूड फायबर, कमाल 3 टक्के. "वहिनी, दुधात तंतू असतो का?"

नसतो. दुधापासून केलेल्या पावडरीत हा आकडा साधारण 0.15 टक्क्याच्या आत असतो. तीन टक्के म्हणजे त्यात सोयाबीनचं पीठ किंवा तसलंच काही भरपूर आहे. फसवणूक गोणीवरच छापलेली होती, फक्त इंग्रजीत आणि मागच्या बाजूला.

मग लिंबाने फाटलं कसं? सोयाबीनचं दूधही लिंबाने फाटतं, टोफू तसाच करतात. डॉक्टरांनी वाटीत थोडी कालवलेली पावडर घेऊन, ती गार झाल्यावर, टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले. गर्द निळी झाली. म्हणजे पीठ किंवा स्टार्चसुद्धा होता. पुण्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत नमुना पाठवला, तर प्रोटीन 21.6 टक्के निघालं. मला आधी हे समजेचना. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते, नायट्रोजन दुधातून आला की सोयाबीनमधून की युरियातून हे त्या आकड्यात दिसत नाही. 2008 साली चीनमध्ये बाळांच्या दुधात मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं रसायन घालून हीच चाचणी फसवली होती.

वासराचं पोट मोठ्या गायीसारखं नसतं, हे डॉक्टरांनी मला जमिनीवर काडीने आकृती काढून समजावलं. जन्मतः कोठीपोट, म्हणजे चार कप्प्यांतलं पहिलं मोठं पोट, चालूच नसतं. चोखलेलं दूध थेट चौथ्या पोटात जातं, तिथे रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पाचक रसाने, त्याचा दह्यासारखा गोळा होतो आणि तो हळूहळू पचतो. लिंबाने फाटलं तरी रेनेटने सोयाबीनचा असा गोळा होत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत वनस्पतीचं प्रोटीन पचवायची ताकद वासरात फारच कमी असते. शिवाय नीट प्रक्रिया न केलेल्या सोयाबीनमधली काही प्रोटीनं आतड्याला सोसत नाहीत, आतली लव झडते आणि हगवण लागते. स्टार्च आणि उसाची साखरही त्या वयात नीट पचत नाही.

सोयाबीनला मी शिव्या देत नाही. चांगल्या कंपन्या प्रक्रिया केलेलं सोया कॉन्सन्ट्रेट, गव्हाचं ग्लुटेन वापरतात. अमेरिकेत रक्तातला प्लाझ्माही वापरतात. दुधाचं प्रोटीन महाग झालं की पर्याय शोधावेच लागतात, आणि तीन आठवड्यांपुढच्या वासराला त्यातलं काही चालतंही. पण मग तसं सांगून विका. सहा दिवसांच्या वासराला घालणाऱ्या बाईला "शंभर टक्के दूध" म्हणू नका. त्या वर्षी नुसती स्किम पावडर, म्हणजे साय काढलेल्या दुधाची पावडर, किलोला अडीचशेच्या पुढे होती. 140 रुपयांत सगळं दुधाचं कुठून येणार, हा साधा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नाही.

तक्रारीसाठी वकिलांकडे गेलो. बिल नाही, गोणीवरचा बॅच नंबर पुसट, पत्ता अपुरा. पुढे काहीच सरकलं नाही. त्याचा फोन तर तेव्हाच बंद झाला होता. औषध-सलाईनचे 11 हजार वेगळे.

आता मी पहिल्या दोन तासांत चीक पाजते, वजनाच्या दहाव्या भागाइतका दिवसभरात. तीन आठवडे अंगचं दूधच. त्यानंतर पावडर घेतलीच तर आधी मागची बाजू वाचते: घटकांत पहिलं नाव स्किम पावडर किंवा व्हे (पनीर-चीजच्या निवळीची पावडर) आहे का, तंतू किती. तंतू कमी म्हणजे दूधच असंही नाही, ग्लुटेन आणि प्लाझ्मात तो नसल्यातच जमा असतो, म्हणून दोन्ही वाचायचं. एक पेला कालवून तासभर ठेवते आणि तळ पाहते. नवी पावडर एकदम सातजणींना न देता तीन आठवड्यांपुढच्या एकीला, थोडी थोडी वाढवत देते. आणि पक्कं बिल.

वाचलेल्या पाचपैकी दोघी गेल्या वर्षी सव्वीस-सत्तावीस महिन्यांच्या असताना व्याल्या. त्या दोघी तेव्हा तीन आठवड्यांच्या पुढे होत्या. बाकी तिघी अंगाने भरल्याच नाहीत, माजावर उशिरा आल्या. एक अजून गाभण राहिलेली नाही. तिला विकून टाका असं सगळे म्हणतात, पण माझा जीव होत नाही.

बहिणीने फोन चालू ठेवूनच गोणी उलटी केली. फायबरच्या आकड्यावर स्टिकर चिकटवलेला होता.