हरिकेननंतर मदतीला जायचंय: लगेच की वर्षभराने?

अमेरिकेत हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. वादळ किनाऱ्यावर आदळलं की चार दिवस टीव्हीवर तेच दिसतं आणि आपणही जावं असं अनेकांना वाटू लागतं. तातडीच्या मदतीला जायचं की पुनर्उभारणीला, हे आधी ठरवा. दोन्हीकडे लागणारी माणसं वेगळी.

तातडीचं काम म्हणजे रेड क्रॉसची निवारा केंद्रं सांभाळणं, जेवण वाटणं. त्याचं प्रशिक्षण आधीच झालेलं हवं आणि सहसा सलग दोन आठवडे द्यावे लागतात. प्रवासाची आणि राहण्याची सोय संस्था करते. तातडीचंच दुसरं काम घरं उपसण्याचं. माजी सैनिकांनी २०१० साली सुरू केलेली टीम रुबिकॉन ही संस्था यात पुढे असते. चिखल काढायचा, भिजलेली ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे तक्ते) पाणी चढलं होतं त्याच्याही वरपर्यंत कापायची, भिंतीतलं इन्सुलेशन (उष्णतारोधक थर) ओढून बाहेर टाकायचं. ओल्या घरात २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते, म्हणून ही घाई. उकाड्यात एन-९५ मास्क लावून दिवसभर राबायचं, तेही बहुधा वीज नसलेल्या घरात. १९७८ पूर्वीचं घर असेल तर रंगात शिसं असण्याची शक्यता वेगळीच. गुडघे किंवा दमा त्रास देत असेल तर या वाटेला जाऊ नका.

कुणालाही न विचारता गाडी काढून निघणं हा पर्याय मी धरतच नाही. २०२४ मध्ये हेलीन वादळानंतर पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात आय-४० महामार्गाचेच तुकडे नदीत गेले होते. अशा ठिकाणी तुम्हालाच पेट्रोल आणि खोली शोधावी लागली, तर ती कुणाच्या वाट्याची?

पुनर्उभारणीचं काम संथ आणि दुर्लक्षित असतं. कॅटरिना वादळ ऑगस्ट २००५ मध्ये आलं. न्यू ऑर्लिन्सजवळच्या सेंट बर्नार्ड पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा) २००६ साली सुरू झालेली एसबीपी ही संस्था त्यानंतर कित्येक वर्षं तिथली घरं उभी करत होती. विम्याचे पैसे अपुरे पडलेले किंवा ठेकेदार आगाऊ रक्कम घेऊन पळालेला, अशा घरमालकांपर्यंत मदत पोचते ती याच टप्प्यात, आणि नेमके तेव्हाच हात कमी असतात. ड्रायवॉल बसवणं, सांधे भरून घासणं, रंग, फरशी हे सगळं साइटवर शिकवतात. एक दिवस दिलात तरी चालतं.

हाताशी आठवड्याची रजा आणि प्रशिक्षण शून्य असेल तर मी डोळे झाकून पुनर्उभारणीचा मार्ग सांगेन. तातडीचंच काम हवं असेल तर नोंदणी आणि प्रशिक्षण मोसमाआधी उरका, धनुर्वाताची लसही घ्या.

कुठेही गेलात तरी हजेरीच्या कागदावर रोज सही करा. स्थानिक प्रशासनाच्या पात्र खर्चातला किमान ७५ टक्के भाग फेमा, म्हणजे केंद्र सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था, उचलते. उरलेल्या वाट्यात स्वयंसेवकांचे नोंदवलेले तास धरता येतात. नोंद नसलेले तास मात्र त्या गावाच्या हिशेबात येत नाहीत.