स्लाइड-आउटची ‘मोटर जळली’ म्हणतात? पैसे देण्याआधी बटण दाबून व्होल्टेज मोजून घ्या

नागपूरच्या एका कुटुंबाला त्यांच्याच कॅराव्हॅन ट्रेलरच्या स्लाइड-आउटची, म्हणजे मोटरवर बाहेर-आत सरकणाऱ्या खोलीची, जुनी मोटर रंग मारून नवी म्हणून विकली गेली. मोटर, तिला चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि मजुरी धरून ६० हजारांच्या वर गेले. खरा बिघाड होता चेसिसवरच्या अर्थिंगच्या एका गंजलेल्या लगमध्ये, म्हणजे तार बोल्टाला जोडणाऱ्या धातूच्या टोकात. एक कानस, एक तांब्याची लग आणि अर्धा तास, एवढ्यात काम झालं असतं. फसवणुकीची पद्धत दिसायला अगदी शास्त्रशुद्ध आहे, मीटर लावून केलेली. म्हणूनच ती सविस्तर सांगणं आम्हाला गरजेचं वाटतं.

उन्हाळ्यात, पेंचला निघायच्या तोंडावर, बाहेर काढलेली खोली आत येईना. बटण दाबलं की कार्डवरच्या रिलेचा, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा, ‘टक्’ आवाज येई, खोली मात्र जागची हलत नसे. खोली बाहेर असताना ट्रेलर ओढता येत नाही, त्यामुळे घरचे घाबरले आणि एका गॅरेजमधला मिस्त्री घरीच आला. त्याने मोटरचा प्लग काढला, सुट्या दोन तारांना मल्टीमीटर लावला आणि बटण दाबायला सांगितलं. मीटरवर १२.४ व्होल्ट. “बघा भाऊ, करंट पूर्ण येऊन राहिला. मोटरच जळली तुमची, अन् कार्डही गेलं.” डोळ्यांसमोर आकडा दिसल्यावर कोण शंका घेणार?

फसवणूक नेमकी इथे आहे. प्लग काढलेला असताना तारेतून प्रवाह वाहतच नाही. प्रवाह नाही म्हणजे गंजलेल्या जोडावर व्होल्टेज पडत नाही, आणि मीटर पूर्ण आकडा दाखवतो. मोटर जोडली की चित्र बदलतं. समजा मोटरने २० अँपिअर ओढले आणि खराब लगचा रोध फक्त ०.२ ओहम असला, तरी ४ व्होल्ट त्या लगवरच संपतात. मोटरपर्यंत जेमतेम ८ पोहोचतात आणि ती नुसती गुणगुणते किंवा गप्प राहते. मोटर तंदुरुस्त असूनही मेल्यासारखी दिसते.

म्हणून मोजमाप नेहमी मोटर जोडलेली ठेवून, बटण दाबलेलं असताना करायचं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. आधी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर मोजा: आराम दिलेली, भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.६ च्या आसपास असते, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. बटण दाबल्यावर ती ११ च्या खाली कोसळत असेल तर आधी बॅटरी भरा, तिचं पाणी बघा. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा बॅटरीचं पाणी झपाट्याने उडतं, आणि आवारात उभ्या ट्रेलरकडे कोणी बघत नाही. बॅटरी ठीक असेल तर मोटरच्या टर्मिनलवर मोजा. तिथला आकडा बॅटरीपेक्षा दीड-दोन व्होल्टने कमी आला, तर दोष वाटेत आहे.

वाटेतला दोष शोधायचा तर मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी कार्डच्या किंवा मोटरच्या निगेटिव्ह टोकावर लावा. बटण दाबल्यावर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची बाजू खराब. पॉझिटिव्ह बाजूलाही हेच करायचं, बॅटरीपासून टप्प्याटप्प्याने: फ्यूज, बॅटरीजवळचा दोन बोल्टांचा सर्किट ब्रेकर, मग कार्ड. ज्या तुकड्यावर आकडा उडी मारतो, चोर तिथे. ही तपासणी चालू असताना खोलीच्या वाटेत कोणी उभं नको. जोड अचानक लागला तर खोली झटक्यात सरकते.

‘टक्’ आवाज येत होता म्हणजे कार्ड बटणाचं ऐकत होतं. रिलेचे पॉइंट जळलेले असू शकतात, पण तेही कार्डच्या इनपुट आणि आउटपुटमधला फरक मोजून कळतं. तसं कोणी मोजलंच नाही.

आणि मोटर खरंच जाते तेव्हा? टर्मिनलवर बटण दाबून १२ च्या आसपास व्होल्ट टिकलेले असतात आणि डीसी मोजणाऱ्या, तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरवर प्रवाह शून्य येतो. म्हणजे मोटरमधले ब्रश झिजलेले किंवा आतली तार तुटलेली. प्रवाह भरपूर आणि हालचाल नाही, तर खोली कुठेतरी अडकली आहे, किंवा गिअर. खोलीच्या दोन बाजूंच्या भिंतीत एकेक मोटर असते त्या प्रकारात कार्डवरचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकून दोष सांगतो, आणि त्यातल्या एकाच मोटरला थेट बॅटरी लावायची नाही, खोली तिरपी होऊन अडकते.

त्या मिस्त्रीने मोटर काढून नेली आणि काही दिवसांनी ‘नवी’ आणून बसवली. खोली सरकली, पैसे दिले गेले. सरकली याचं कारण, बसवताना त्याने ती अर्थिंगची लग गुपचूप घासून आवळली होती. पावसाळ्यात उघड्या लोखंडावर पुन्हा गंज चढला आणि ऑक्टोबरात पेंच उघडताच तोच ‘टक्’ परत आला. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने लग उघडली तेव्हा ताज्या गंजाखाली कानशीचे ओरखडे स्पष्ट होते. ट्रेलर घेतानाच्या फोटोत मोटरचा सिरियल नंबर होता. ‘नव्या’ मोटरच्या रंगाखालून तोच निघाला. शिवाय ३० अँपिअरच्या फ्यूजच्या जागी ६० चा खोचलेला. तार तापून पेटेल, पण तो फ्यूज उडणार नाही. पैशांपेक्षा आम्हाला हा प्रकार जास्त गंभीर वाटतो, कारण या ट्रेलरमध्ये मुलं झोपतात.

अशा वेळी घाई करणं मिस्त्रीच्या पथ्यावर पडतं. बहुतेक इलेक्ट्रिक स्लाइड-आउटला हाताने आत घेण्याची सोय असते, मोटरच्या किंवा गिअरच्या टोकाला षटकोनी नट. कुठे आहे आणि कोणता पाना लागतो, हे सहलीआधी मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा. खोली आत आली की ट्रेलर चार ठिकाणी दाखवता येतो. मोटर आणि कार्डच्या नंबरचे फोटो काढा, मोटरवर रंगाची खूण करा, जॉब कार्डवर ‘जुने भाग परत’ असं लिहून घ्या आणि जीएसटीचं पक्कं बिल मागा. ‘इम्पोर्टेड पार्ट आहे, आधी पूर्ण रक्कम द्या’ असं कोणी म्हटलं तर पार्ट नंबर लेखी मागा.

लगचं काम करून घेताना चेसिस चकचकीत होईपर्यंत घासायचा, कलई केलेली तांब्याची लग तारेवर दाबून घट्ट बसवायची (क्रिम्प), दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा आणि मग वरून रंग किंवा पेट्रोलियम जेली. लांब तारेसाठी १० चौरस मिलिमीटर तांबं घ्या.

फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. मात्र दोष सापडला की लगेच दुरुस्त करू नका. आधी गंजलेल्या लगचा, सिरियल नंबरचा आणि चुकीच्या फ्यूजचा फोटो काढा, बटण दाबून घेतलेल्या रीडिंगचा व्हिडिओ घ्या, दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून ते आकडे सहीनिशी लिहून घ्या, आणि मगच कानस लावू द्या.